कापलेला कोपरा

उट्रेख्ट, हॉलंड
२० सप्टेंबर १९९३

लर्लीन,

उभी असशील तर आधी बस. आपली रेकॉर्ड इथल्या अख्ख्या देशाच्या यादीत नवव्या नंबरवर आली. वरच्या आठांपैकी कुठल्याही दोघांचं वय मिळवलं तरी माझं एकसष्ट भरत नाही. ज्यानं ही रेकॉर्ड बनवली तो वाउटर आज नाश्त्याच्या वेळी पेपर नाचवत आला. मला त्यांच्या भाषेतलं एक अक्षर कळेना, फक्त 'ओझेला प्रुइट' तेवढं वाचलं. मेम्फिसमध्ये चाळीस वर्षं गातेय, तिथल्या पेपरात माझं नाव एकदाच आलं, तेही मी दुधाच्या गाडीला ठोकलं तेव्हा.

तीन दिवस तुला फोन लावतेय, नुसता वाजत राहतो. कुठे भटकत असतेस?

सगळ्यात जास्त चाललंय ते शेवटचं गाणं, 'मागे आहेस का'. मला वाटलं होतं हे आपल्या दोघींपुरतंच आहे, बाकी कुणाला काय कळणार. शाळेत जाताना ओढ्यावरच्या त्या लोखंडी पाइपावरून जायचो आठवतं ना. मी पुढे, तू मागे, म्हणजे मी घसरले तर तुला दिसावं. मान वळवली की तोल जायचा, म्हणून मी समोर बघतच ओरडायचे, 'मागे आहेस का?' आणि तू म्हणायचीस, 'इथेच आहे, चाल.' गाण्यात मी तेच विचारते आणि पुढचे चार ठोके मोकळे सोडते. ते तुझे आहेत. मार्चमध्ये रेकॉर्डिंगला तुला तीनदा बोलावलं आणि तीनही वेळा तू घसा बसलाय म्हणालीस. वाउटर म्हणाला, इथे ऑर्गन घालू या, लोकांना वाटेल काहीतरी राहून गेलंय. मी म्हटलं, हात लावायचा नाही, ती माझ्या बहिणीची जागा आहे. आता गंमत बघ, इथले लोकच ती जागा भरायला लागलेत. शब्द माहीत नाहीत म्हणून हजार-हजार माणसं नुसती गुणगुणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पुढची ओळ सुचेना.

११ डिसेंबरला ॲमस्टरडॅमला शेवटचा कार्यक्रम आहे आणि तू येतेयस. विमानाची भीती वगैरे मला सांगू नकोस. हिरवा झगा तू शिवलास, तो दिव्यांत कसा दिसतो ते तरी बघ. मला तू मागे उभी हवीस, एकदा तरी, सगळ्यांच्या देखत.

तुझी ओझी


मेम्फिस
२९ सप्टेंबर

ओझी,

बसले होते, वाचून उभी राहिले. फ्लोरेटानं तुझं पत्र चर्चच्या फळ्यावर लावलंय. मदर हिग्ज विचारत होत्या, हॉलंड स्वर्गाच्या अलीकडे की पलीकडे. एक्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांना दोन्ही सारखंच जवळ. दुधाच्या गाडीबद्दल मात्र गप्प बस. चूक तुझीच होती, मी शेजारी बसले होते.

फोनची वायर खारींनी कुरतडली आहे. दुरुस्तीवाला येतो म्हणतो आणि येत नाही. पत्रच बरं, तू मधेमधे बोलत नाहीस.

ॲमस्टरडॅमचं बघू. गुडघा कुरकुर करतोय, पासपोर्टच्या फोटोत मी पकडलेल्या चोरासारखी दिसते आणि नाताळच्या नाटकाचे एकोणीस पोशाख माझ्या गळ्यात पडलेत. तीन राजे झाले. मेंढ्यांचं अडलंय, कारण एका मेंढीची आई म्हणते माझ्या लेकीचं पोट त्यात आवळतं. कमी खायला घाल म्हटलं.

तिथे कच्चा मासा खातात असं ऐकलंय. तू खाऊ नकोस. दोन कार्यक्रमांच्या मधल्या दिवशी कमी बोल, गरम पाणी पी. झग्याची डावी शिवण जपून, तिथे कापड कमी पडलं होतं.

ते चार ठोके मोकळेच ठेव. ऑर्गन घालू देऊ नकोस.

सोबत रविवारचं पत्रक आहे. खालचा कोपरा कापलाय, तिथे साबणाचं कूपन होतं. मला हवं होतं.

लर्लीन


३० सप्टेंबर

फ्लोरेटा,

फोनवर बोलता आलं असतं तर ही चिठ्ठी लिहिली नसती. ऑगस्टमध्ये ओझी विमानात बसली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या घशातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला, हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे. परवा ते म्हणाले, आजार फुप्फुसात उतरलाय. वसंतापर्यंत काय होईल ते विचारलं, तर खिडकीबाहेर बघायला लागले.

मी ओझीला प्रत्येक रविवारचं पत्रक पाठवते. ती त्यातली ओळ न् ओळ वाचते, फुलं कुणी आणली तेसुद्धा. आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव दिसलं तर ती पहिल्या विमानानं परत येईल. एकसष्टाव्या वर्षी तिच्या वाट्याला हे आलंय, ते माझ्यापायी जायला नको. माझं नाव यादीतून काढ. तोपर्यंत मी कात्री चालवतेय.

लर्लीन


१ ऑक्टोबर

सिस्टर प्रुइट,

१९५८ पासून मी हे पत्रक टाइप करते आहे. यादीतलं नाव दोनच वेळा निघतं. सभासद स्वतःच्या पायांनी चालत चर्चमध्ये आला तर, किंवा देवानं बोलावून घेतलं तर. ही यादी सजावटीची नाही, लोक ती हातात धरून तुमच्यासाठी प्रार्थना करतात.

कात्री तुमची आहे, तुम्ही चालवा. मी आपणहून तुमच्या बहिणीला कळवणार नाही. पण तिनं मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.

फ्लोरेटा गेन्स, मंडळीची चिटणीस

ता. क. उद्या कॉर्नब्रेड आणि मोहरीचा पाला पाठवते. पाला मऊ शिजवला आहे, गिळता येईल.


ग्रोनिंगेन
९ ऑक्टोबर

लर्लीन,

चौथा नंबर. नवव्यावरून थेट चौथा. वाउटरनं मला उचलायचा प्रयत्न केला आणि आता त्याच्या कमरेला पट्टा आहे.

तुझं पत्रक पोचलं. फ्लोरेटा साबणाची कूपनं कधीपासून छापायला लागली? कापल्या जागेच्या कडेला मेयफील्ड अंत्यविधीवाल्यांची अर्धी जाहिरात दिसते. ते कशावर कूपन देतायत, एका पेटीवर दुसरी फुकट? चिकटपणाची काही हद्द, लर्लीन. देवाच्या पत्रकाला तरी सोडायचंस.

आता मुद्द्याचं. तुझा गुडघा, तुझा फोटो, तुझ्या मेंढ्या, सगळं वाचलं. एकही कारण मला पटलेलं नाही. ८ नोव्हेंबरपासून मला दोन आठवडे सुट्टी आहे. मी मेम्फिसला येते, तुला फोटोवाल्याकडे बसवते आणि बरोबर घेऊन परत फिरते. तिकीट राखून ठेवलंय.

खरं सांगू का, मला इथे एकटं वाटतं. लोक चांगले आहेत, उभं राहून टाळ्या वाजवतात, मग सायकली काढतात आणि जेवायला घरी जातात. कार्यक्रम कसा झाला हे ज्याच्या तोंडून कळतं ते माणूस माझ्याबरोबर नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, दुसऱ्या गाण्यात सूर पडला होता. पडला होता, लर्लीन. कुणीच काही बोललं नाही.

ओझी


मेम्फिस
१९ ऑक्टोबर

ओझेला,

नोव्हेंबरात येऊ नकोस. मी ॲमस्टरडॅमलाही येणार नाही. आता कारणं देत नाही, खरं तेच सांगते.

१९६४ साली आपण दोघी त्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात गेलो. आतला माणूस म्हणाला, एकच हवीय. तू आत गेलीस. मी बाहेरच्या बाकावर तुझा कोट आणि तुझी पर्स मांडीवर घेऊन तीन तास बसले. बाहेर आलीस ती त्या माणसाशी बोलतच पुढे गेलीस. बसच्या थांब्यावर पोचल्यावर तुला आठवण झाली की मी आहे. त्या दिवसापासून मी तुझे झगे शिवतेय. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही की लर्लीनला गायचं होतं का.

आणि आता तू मला चार ठोके देतेस. तेही मागे उभं राहून. मला नकोत. तिथे ऑर्गन घाला नाहीतर ढोल बडवा. मी सहासष्टची झाले, माझं मागे उभं राहून झालं. तू आलीस तर मी दार उघडणार नाही.

पत्रक पाठवत नाही.

लर्लीन


उट्रेख्ट
२८ ऑक्टोबर

लर्लीन,

पत्र मिळालं. तिकीट परत केलं. सुट्टीत इथेच राहीन.

तू हे तेव्हाच बोलायला हवं होतंस. एकोणतीस वर्षं थांबायची काही गरज नव्हती.

ओझेला


मेम्फिस
१९ नोव्हेंबर

आदरणीय मिस ओझेला,

फळ्यावरच्या पाकिटावरून तुमचा पत्ता घेतला. तुम्ही विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मी सात आठवडे वाट पाहिली, तुम्ही विचारलं नाहीत. आता न विचारता सांगते. हा माझा शब्द मोडणं आहे. त्याबद्दल देवाशी मी बोलेन.

सोबत १४ नोव्हेंबरचं पत्रक आहे, अख्खं. शेवटच्या पानावर खाली उजवीकडे बघा, सहावं नाव. हे नाव तिथे ऑगस्टपासून आहे. त्या कोपऱ्यात साबणाचं कूपन कधीच नव्हतं.

तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, म्हणून ती फोन उचलत नाही. खारी वगैरे काही नाही. आता आजार पुढे गेलाय. तुम्ही येऊ नये म्हणून तिनं तुम्हाला एक कडू पत्र लिहिलं. ते लिहून झाल्यावर तिनं मला बोलावून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'आज मी ओझीला फार लागेल असं बोलले.' मी विचारलं, ते खोटं होतं का. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, 'बाक खरा होता. बाकीचं मी कधीच सोडून दिलं होतं.'

ती रोज सकाळी टपालवाल्याची वाट बघते. तो आला की पाटीवर एकच शब्द लिहून त्याच्यापुढे धरते, 'हॉलंड?' तो नाही म्हणतो. हे मला बघवत नाही.

पुढचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर लगेच निघा.

आपली,
फ्लोरेटा गेन्स


ॲमस्टरडॅम
२४ जानेवारी १९९४

मिस फ्लोरेटा,

कुटुंबातर्फे आभार म्हणून काय छापायचं ते तुम्ही विचारलंत. नेहमीचंच छापा, फुलं, जेवण, प्रार्थना, सगळ्यांचे आभार. खाली एक ओळ जास्तीची घाला: 'चार ठोके गप्प राहिल्याबद्दल मंडळीचे आभार.' लोकांना कळेल.

आपल्या चर्चमध्ये कुणाला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. रेव्हरंड नुसते खाकरले तरी मागून कुणीतरी 'आमेन' म्हणतं. लर्लीनच्या अंत्यविधीला मी गायला उभी राहिले तेव्हा मला धास्ती होती की त्या जागी सगळे मिळून उत्तर देतील. मी विचारलं, 'मागे आहेस का?' आणि चारशे माणसं गप्प. मदर हिग्जसुद्धा. हातातले पंखे थांबले. इथल्या लोकांना ती जागा कुणाची ते माहीत नाही, म्हणून ते भरतात. तुम्हाला माहीत होतं. ते चार ठोके मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

११ डिसेंबरचा राहिलेला कार्यक्रम परवा, शनिवारी झाला. लोक गुणगुणले. मी त्यांना गुणगुणू दिलं.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. कार्यक्रमाच्या आधी हिरव्या झग्याची डावी शिवण उसवली. लर्लीननं बजावलं होतंच. तिचा शिवणाचा पत्र्याचा डबा मी बरोबर आणला होता, उघडायचं धाडस झालं नव्हतं. सुई शोधताना रिळांखाली कागदाचे अकरा तुकडे सापडले, तारखेवार लावून, टाचणीनं टोचलेले. तुमच्या पत्रकाचे कोपरे. प्रत्येकावर सहावं नाव, सिस्टर लर्लीन प्रुइट. आणि प्रत्येकाच्या पाठीमागे, मेयफील्डवाल्यांच्या जाहिरातीवर, पेन्सिलीनं एक खूण.

पहिल्या तीन तुकड्यांवर नऊ. पुढच्या तीनांवर चार. तिनं माझ्या रेकॉर्डचा नंबर तिच्या आजारपणाच्या पाठीवर लिहून ठेवला होता. त्या कडू पत्रानंतरसुद्धा दोन रविवारी चारच लिहिलंय, कारण तिला ठाऊक असलेला शेवटचा नंबर तोच होता. मग माझं ते दोन ओळींचं पत्र पोचलं असणार. त्यात मी नंबर लिहिला नव्हता. पुढच्या चार तुकड्यांवर, ७ नोव्हेंबर ते २८ नोव्हेंबर, नुसतं प्रश्नचिन्ह.

मिस फ्लोरेटा, ते चारही आठवडे आपली रेकॉर्ड एक नंबरवर होती. ६ नोव्हेंबरला पहिली आली ती हलली नाही. वाउटरनं हॉटेलवर केक पाठवला. मी उट्रेख्टमध्ये सुट्टी घेऊन बसले होते, पोस्ट ऑफिस रस्त्यापलीकडे होतं. रोज त्याच्यावरून जायचे. मनात म्हणायचे, तिला कशाला कळवायचं, ती थोडीच मागे उभी आहे.

१ डिसेंबरला मी तिच्या खाटेपाशी पोचले. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात होतात. मी रडायला लागले तर तिनं पाटी ओढली आणि पहिलं काय लिहिलं माहीत आहे? 'बारीक झालीस. झगा लोंबेल.' मी हसले, ती हसली, आवाज न करता. मग तिनं पुसलं आणि लिहिलं, 'हॉलंड?' मी म्हटलं, एक नंबर. तिनं डोळे मोठे केले आणि लिहिलं, 'कधी?'

मी म्हटलं, 'कालच.'

लाज वाटली म्हणून म्हटलं. महिनाभर एक नंबरवर होते आणि तुझ्यावर रुसून तुला कळवलं नाही, हे तिच्या तोंडावर म्हणवेना. वाटलं, सांगू चार दिवसांनी, ती जरा सावरली की. तिला मिळाले नऊच दिवस, आणि त्यातला एकही मला सांगायला योग्य वाटला नाही. तिचं खोटं तुम्ही उघडं केलंत, माझं तसंच राहिलं.

त्यामुळे शेवटच्या तुकड्यावर, ५ डिसेंबरच्या, तुम्ही स्वतः आणून दिलेल्या पत्रकाच्या, तिनं एक लिहिलाय. रेघ वाकडी गेलीय, पण मोठा लिहिलाय आणि त्याला गोल केलाय. तिला वाटलं, एकच रविवार. आधीची चार प्रश्नचिन्हं तिनं तशीच ठेवली, कारण त्यांचं उत्तर मी तिला दिलंच नाही.

काल पेन्सिल घेऊन बसले होते. म्हटलं चारही ठिकाणी एक लिहून टाकावा. हात चालला नाही. ते तिचं अक्षर आहे. टाचणी पुन्हा टोचली आणि रिळांखाली ठेवले.

पत्रक मला इथे पाठवत जा, अख्खं. आजाऱ्यांची यादी मी आता पहिल्यांदा वाचते.

लहानपणी मी पुढे चालायचे आणि विचारायचे, ती उत्तर द्यायची. एकदाही चुकली नाही. म्हातारपणी तिची विचारायची पाळी आली. चार आठवडे ती मागून विचारत होती आणि मी मान वळवली नाही.

ओझेला प्रुइट